आधी ओळख, मग दुरुस्ती

जुन्या सायकलीच्या फ्रेमचे सर्वांत मोठे नुकसान गंज करत नाही; ती हौसेने घरी आणणारा माणूस करतो. अडगळीतून निघालेली फ्रेम आठवडाभरात सँडब्लास्टिंगला जाते, तिथून पावडर कोटिंगला, आणि परत येते ती चकचकीत पण मुकी होऊन. मूळ रंग गेलेला असतो, त्यावर हाताने ओढलेली सोनेरी रेघ गेलेली असते, नळीवरचे कारागिराचे चिन्ह गेलेले असते आणि क्रमांकाचे आकडे जाड लेपाखाली बुजलेले असतात. ती फ्रेम कोणी, कुठे, कोणत्या दशकात केली हे सांगणारा पुरावा एका दुपारीत पुसला जातो. गंजलेली फ्रेम वाचता येते. अशी ‘नवी’ झालेली फ्रेम वाचता येत नाही. म्हणून या पुस्तकाचा क्रम पक्का आहे: आधी ओळख, मग दुरुस्ती.

सायकल पाहताना आपली नजर चाकांवर, गिअरवर, ब्रेकवर जाते. हे सगळे भाग बदलता येतात आणि पन्नास-साठ वर्षांत बहुधा बदललेलेही असतात. फ्रेम मात्र तीच राहते. जुन्या पद्धतीत ती अशी तयार होते: पोलादी नळीचे टोक कानशीने घासून दुसऱ्या नळीच्या गोलाईला चपखल बसेल असे करायचे, दोन्ही टोके लग नावाच्या पोलादी जोडतुकड्यात घालायची, फ्लक्स म्हणजे टाकणखारासारखा क्षार लावायचा आणि सांधा ज्योतीवर तापवून त्यात पितळ सोडायचे. पोलाद वितळत नाही. वितळते ते पितळ, आणि नळी व लग यांच्यामधल्या बारीक फटीत ते आपोआप ओढले जाते. पितळेला साधारण 900 अंश सेल्सिअस उष्णता लागते. चांदीच्या टाक्याला त्याहून दोन-तीनशे अंश कमी. उष्णता वाढली तर पातळ नळी कमजोर होते. कमी पडली तर सांधा बाहेरून भरलेला दिसतो आणि आतून पोकळ राहतो. ही मर्यादा कारागीर तापलेल्या पोलादाच्या रंगावरून ओळखतो. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनाराला यात अनोळखी काहीच नाही. तोही टाकणखार लावूनच डाग देतो.

हाताने घडवलेली फ्रेम कोणती आणि कारखान्याची कोणती, हा भेद सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवा. मोठ्या कारखान्यांतही सांधे माणसांनीच तापवले. पण तिथे एक माणूस दिवसभर एकच काम करी आणि फ्रेम ठरावीक दोन-तीन मापांत निघे. स्वतंत्र कारागीर स्वाराच्या पायाची, धडाची, हाताची मापे घेई, त्या माणसाच्या वजनाला आणि रस्त्याला साजेशा नळ्या निवडी, लगच्या कडा कानशीने पातळ करी आणि शेवटी आपले नाव लावी. लगची कड कशी संपवली आहे, मागच्या बारीक नळ्यांची टोके सीटच्या सांध्याला कशी टेकवली आहेत, यांत त्याचे हस्ताक्षर असते. नाव खरवडले गेले तरी ते हस्ताक्षर राहते, आणि जाणकार त्यावरूनच कारागिरापर्यंत पोहोचतो.

हा विषय दूरच्या युरोपचा आहे, असे मराठी वाचकाला वाटण्याचे कारण नाही. आजच्या सायकलचा आराखडा ज्या रोव्हर सायकलने रूढ केला, ती जॉन केम्प स्टार्लीने इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत 1885 मध्ये आणली. डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट 1888 मध्ये घेतले. त्याच 1888 मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. तिथून ते सायकली पाठवत आणि बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकत, चालवायलाही शिकवत. पुढे त्यांनी लोखंडी नांगर आणि कडबा कापायचे यंत्र केले आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. मराठी मुलखातल्या यंत्रउद्योगाचे एक मूळ सायकलच्या दुकानात आहे, आणि ते दुकान कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर होते.

कोल्हापूर स्वतः 1891 मध्ये मिरजेशी रेल्वेने जोडले गेले आणि मुंबई बंदरात उतरलेला माल इथे पोहोचणे सोपे झाले. पण या गावाचा खरा गुण म्हणजे आलेले यंत्र उघडून पाहणे आणि तसेच करून दाखवणे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा समजून घेतला, इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. म्हादबा मिस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांनी यंत्रकामाचा जो पाया घातला, त्यावर शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. लेथ, ओतकाम, ब्रेझिंग, हुपरीच्या चांदीकामाबरोबर वाढलेली मुलाम्याची विद्या, पाटी रंगवणाऱ्या पेंटरांचा सरळ हात: जुनी फ्रेम उभी करायला लागणारे प्रत्येक कौशल्य कोल्हापूर आणि परिसरात आहे. कमतरता आहे ती समोरची फ्रेम काय आहे हे ओळखण्याच्या ज्ञानाची.

ते ज्ञान मिळवायचे तर जगातल्या मुख्य परंपरा थोडक्यात माहीत हव्यात. इंग्लंडची परंपरा सर्वांत जुनी आणि आपल्याला सर्वांत जवळची. आल्फ्रेड मिल्वर्ड रेनॉल्ड्सने 1897 मध्ये बटेड नळीचे पेटंट घेतले. ही नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, कारण ताण आणि टाक्याची उष्णता दोन्ही टोकांवर येतात. तिथून वजन कमी करण्याची वाट खुली झाली. 1935 मध्ये आलेली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘रेनॉल्ड्स 531’ पुढची कित्येक दशके दर्जाची खूण ठरली. लंडनचे हेचिन्स नक्षीदार लग आणि नागमोडी मागच्या नळ्यांसाठी ओळखले गेले. डर्बीचे मर्सियन 1946 पासून काम करत आले.

फ्रान्समध्ये रने हर्स आणि 1938 पासून ॲलेक्स सिंगर यांनी फ्रेमपुरते न थांबता मडगार्ड, कॅरिअर, दिवे, वायर सगळे एकाच आराखड्यात बसवले. त्यांची सायकल रात्रंदिवस लांब पल्ला मारण्यासाठी होती. इटलीचे लक्ष शर्यतीवर होते: चिनो चिनेल्ली, मिलानच्या विगोरेल्ली वेलोड्रोमखालची फालिएरो मासी यांची कार्यशाळा, 1954 पासून एर्नेस्तो कोल्नागो, आणि नळ्या कोलंबसच्या. जपानने या परंपरांचा बारकाईने अभ्यास केला. तिथे 1948 मध्ये सुरू झालेल्या केइरिन शर्यतींनी मान्यताप्राप्त कारागिरांच्या पोलादी फ्रेमचा आग्रह धरला, आणि जगभर ॲल्युमिनियम व कार्बनची लाट आली तेव्हाही तिथल्या छोट्या कार्यशाळा त्या आग्रहावर तगून राहिल्या.

भारताची परंपरा रोडस्टरची, म्हणजे रोजच्या वापराच्या मजबूत सायकलची आहे. स्वातंत्र्यापूर्वी इथे रॅले, बीएसए, हंबर, हर्क्युलिस, फिलिप्स, रज-व्हिटवर्थ अशा इंग्रजी सायकली येत. हळूहळू मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स, 1951 मध्ये सोनिपतला ॲटलस आणि 1956 मध्ये लुधियान्यात हिरो असे कारखाने उभे राहिले. 28 बाय दीड इंची चाके, सळईचे ब्रेक, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम, खड्डे सोसणारी निवांत बैठक: हा इंग्रजी आराखडा इंग्लंडमध्ये मागे पडला तरी आपल्याकडे चालत राहिला. दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या, डबलसीट संसार सगळे त्यावर निघाले. या फ्रेम कारखान्याच्या आहेत, पण त्यांचे सांधे लग आणि पितळेचेच आहेत. कोल्हापूर भागात कुणाला जुनी फ्रेम सापडली तर ती बहुधा अशीच असेल. मासी किंवा हेचिन्स क्वचितच मिळेल. म्हणून या पुस्तकाने रोडस्टरला हातघडीच्या फ्रेमइतकाच मान दिला आहे. वाचनाची रीत दोघींना एकच लागू पडते.

ती रीत काय? सर्वांत कमी विश्वास नावावर ठेवायचा. हेड ट्यूबवरचा, म्हणजे हँडलखालच्या पुढच्या नळीवरचा बिल्ला बदलता येतो, स्टिकर नवे छापून मिळते. बीएसएच्या तीन बंदुकांचे चिन्ह बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे पायडलचा आस बसतो त्या सांध्यावर दिसले की सायकल बीएसएची, असे अनेक जण धरून चालतात. पण बीएसए आपले सुटे भाग इतरांनाही विकत असे आणि छोटे दुकानदार त्यावर स्वतःच्या नावाच्या सायकली बांधत. नावाच्या आधी क्रमांक पाहावा: बॉटम ब्रॅकेटच्या खाली, सीटच्या लगवर किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ तो ठोकलेला असतो. रंग खरवडू नये. रॉकेलचा बोळा आणि तिरपा उजेड पुरतो.

मग आटे. इंग्रजी बॉटम ब्रॅकेटला इंचात 24 आटे असतात आणि उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो. इटालियन कपाचा व्यास 36 मिलिमीटर आणि दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या. फ्रेंच 35 मिलिमीटर, तिथेही दोन्ही बाजू सरळ. नॉटिंगहॅमच्या रॅलेने बराच काळ स्वतःचे 26 आटे वापरले. हे ठाऊक नसताना पान्याला पाइप लावून जोर केला की फ्रेमचा देश कळण्याआधीच तिचे आटे जातात. सीटपोस्टचा व्यासही बोलतो: इंग्रजी मापाच्या नळीत 27.2 मिलिमीटरचा सीटपोस्ट सैल न होता बसला तर नळीची भिंत पातळ आहे आणि फ्रेम चांगल्या दर्जाची असण्याची शक्यता मोठी. फोर्क काढल्यावर त्याच्या दांड्याच्या आत पाहावे. कोलंबसच्या काही दांड्यांत खालच्या टोकाला पीळदार कंगोरे असतात. मागच्या दोन खाचांमधले अंतर काळ सांगते: पाच गिअरच्या जमान्यात 120 मिलिमीटर, सहा-सात गिअरच्या काळात 126. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल तर त्यावर बहुधा वर्षाचे दोन आकडे ठोकलेले सापडतात. मात्र हब नंतर बदललेला असू शकतो. एक खूण म्हणजे अंदाज; तीन-चार खुणा एकाच दिशेला गेल्या तर निष्कर्ष.

आपल्याकडे आणखी एक पुरावा आहे, जो परदेशी पुस्तकांत मिळत नाही: सायकलकराचा बिल्ला. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत नगरपालिका सायकलींना वर्षाचा बिल्ला देत आणि तो फ्रेमला अडकवला जाई. कोल्हापूरची महानगरपालिका 1972 च्या डिसेंबरात झाली. त्यामुळे इथल्या बिल्ल्यावर ‘नगरपालिका’ असेल तर सायकल त्याआधी या गावात फिरत होती हे नक्की. असा बिल्ला गंजका म्हणून फेकला जातो तेव्हा सायकलचा गावाशी असलेला संबंधच तुटतो.

ओळख पटली की दुरुस्तीचा प्रश्न येतो, आणि इथे तीन मते आहेत. पहिले मत म्हणते: धूळ काढा, तेल द्या, वाढणारा गंज थांबवा, बाकी हात लावू नका. दुसरे म्हणते: चालवण्यापुरते करा, छर्रे, कप, केबल, टायर नवे घाला, चाकांचा आऊट काढा, पण मूळ रंग आणि मूळ भाग ठेवा. तिसरे म्हणते: कारखान्यातून निघाली तशी पुन्हा करा. मूळ रंगाचा मोठा भाग शिल्लक असेल तर पहिले दोन मार्ग योग्य. रंग आधीच नष्ट झाला असेल, नळी बदलायची असेल, तर तिसरा मार्ग पत्करावा लागतो. माझे मत या पुस्तकात लपवलेले नाही: जे काम उलट करता येईल ते आधी करावे, जे उलट करता येणार नाही ते शेवटी, आणि गरज सिद्ध झाल्यावरच.

त्याआधी फ्रेम सुरक्षित आहे का, हे तपासायला महागडी उपकरणे लागत नाहीत. मागच्या एका खाचेला सुती दोरा बांधून, तो हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणावा आणि दोन्ही बाजूंना दोरा व सीटची नळी यांतले अंतर मोजावे. ते सारखे आले तर मागचा भाग सरळ आहे. समोरून धडक बसलेली फ्रेम हेड ट्यूबच्या जरा मागे, खालच्या अंगाला सुरकुतते. रंगाखालचा तो उंचवटा बोट फिरवल्यावर कळतो. सीटच्या लगपाशी आणि बॉटम ब्रॅकेटच्या कडांना केसासारखी रेघ दिसली तर ती रंगाची की पोलादाची, हे ठरेपर्यंत सायकल चालवू नये. पोलादाचा मोठा गुण हा, की अशी फ्रेमही बहुधा वाचते. सांधा तापवून जुनी नळी काढता येते, त्याच लगमध्ये नवी बसवता येते. कार्बनच्या फ्रेमची दुरुस्ती हा वेगळ्या शास्त्राचा विषय आहे. पोलादी फ्रेमची दुरुस्ती उद्यमनगरातला कसलेला हात करू शकतो. फक्त त्याला सांगावे लागते की ही नळी मध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटरच आहे, गॅसची ज्योत मऊ ठेव.

कोल्हापुरात एका धोक्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे, तो म्हणजे पाणी. राधानगरी, गगनबावड्याकडचा पाऊस आणि पंचगंगेचा पूर यांनी इथल्या सायकलींना वेगळे आयुष्य दिले आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांत शहरातली आणि नदीकाठच्या गावांतली घरे पाण्यात होती. जिन्याखालच्या, गोठ्यातल्या सायकलीही होत्या. पुरात बुडालेल्या फ्रेमचा बाहेरचा गंज फारसा महत्त्वाचा नसतो. टाका देताना गरम हवा निसटावी म्हणून नळ्यांना बारीक छिद्रे ठेवलेली असतात. त्यांतून गाळ आत जातो, ओल धरून बसतो आणि नळी आतून खातो. अशी फ्रेम आतून धुवावी, उन्हात पूर्ण वाळवावी आणि आत जवसाचे उकळलेले तेल फिरवून निथळत ठेवावी. बॉटम ब्रॅकेटच्या तळाचे छिद्र मोकळे ठेवावे. मुलामा नव्याने देताना आम्ल नळ्यांत अडकून राहणार नाही, याची हमी कारागिराकडून घ्यावी. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट पोलादी नळीत जाम झाला असेल तर हातोड्याआधी तेल आणि धीर वापरावा.

हे सगळे आजच का लिहायचे? कारण वेळ कमी आहे. रोडस्टरचे सळईचे ब्रेक जमवणारे, कॉटर पिन न वाकवता काढणारे, आऱ्यांच्या आवाजावरून ताण ओळखणारे मिस्त्री आता वयस्क झाले आहेत आणि त्यांच्या दुकानांची जागा मोबाइलच्या दुकानांनी घेतली आहे. जुनी फ्रेम भंगारात किलोवर जाते आणि आपल्याच ओतशाळांच्या भट्टीत वितळते. दुसरीकडे शहरांत हौशी सायकलस्वार वाढले आहेत, जुन्या सायकलींना मागणी आली आहे आणि मागणीबरोबर खोटी स्टिकरे आणि रचलेल्या कथाही आल्या आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय उभे राहिले, हे मोठे काम आहे. पण हा वारसा एका संग्रहालयात मावणारा नाही. तो गावोगावच्या माळ्यांवर आहे आणि तिथेच तो ओळखला जायला हवा.

हे पुस्तक दोघांसाठी लिहिले आहे. पहिला, ज्याच्याकडे आजोबांची किंवा बाजारातून आणलेली सायकल आहे आणि तिचे काय करावे हे ज्याला कळत नाही. दुसरा, ज्याच्या हातात कसब आहे पण ज्याने आजवर फक्त रोडस्टर पाहिली आहे. पहिल्याला पाहायला शिकवावे आणि दुसऱ्याला परदेशी मापांची भाषा द्यावी, एवढाच हेतू. त्यामुळे इथे मापे आहेत, आट्यांचे प्रकार आहेत, काळानुसार बदललेल्या खुणा आहेत, आणि कोणत्या कामात थांबायचे हेही आहे. किमतींची यादी मुद्दाम दिलेली नाही. फ्रेमची किंमत ठरवण्याच्या घाईतच तिचे सर्वाधिक पुरावे नष्ट होतात, आणि ज्या सायकलीला बाजारात फारसे मोल नाही तिलाही नीट वाचले जाण्याचा हक्क आहे. हे पुस्तक अंतिम शब्द नाही. सेन-रॅले, हिंद सायकल्स यांच्या क्रमांकांची आणि बदलांची नोंद अजून व्हायची आहे, आणि ती नोंद कोणी बाहेरचा येऊन करणार नाही. ती या पुस्तकाच्या वाचकांनीच करायची आहे.

तेव्हा एकच विनंती. तुमच्या घरात, वाड्यात, शेतावरच्या खोपीत जुनी सायकल असेल तर ती विकण्याआधी किंवा रंगवण्याआधी उलटी करा. बॉटम ब्रॅकेटखालचा क्रमांक, लगचा आकार, असला तर बिल्ला, आणि ती कोणी कुठून आणली याबद्दल घरातल्या थोरांना जे आठवते ते, तारीख घालून वहीत उतरवून ठेवा. फोटो काढा, सुटे भाग चिठ्ठी लावून एका पिशवीत ठेवा. मग दुरुस्तीला घाई नाही, पोलाद थांबते.